लयन, लेण, लेणे : डोंगराच्या पोटातील अतिथिगृह

मराठी वाचकाला 'लेणे' म्हटले की शिल्प आठवते. अंगावर घालणे या अर्थाच्या 'लेणे' या क्रियापदाशी निगडित असलेला, अलंकारवाचक 'लेणे' हा वेगळाच शब्द. परंतु रूपसाम्यामुळे दोहोंची सरमिसळ झाली आणि डोंगरातले लेणे हे सह्याद्रीचे आभूषण ठरले. शिलालेखांतील प्राकृत 'लेण' मात्र संस्कृत 'लयना'शी नाते सांगतो. लयन म्हणजे आसरा, आत जाऊन टेकण्याची जागा. कलेतिहासाच्या आपल्या लेखनात हा अर्थ दुय्यम ठरला, ही प्रस्तुत लेखकाच्या मते साधी चूक नव्हे. तीमुळे या वास्तूंचा मूळ हेतूच झाकला गेला.

अन्य प्रदेशांतील शब्द तपासले की हेतू उघड होतो. बिहारमधील नागार्जुनी टेकडीवर इ.स.पू. तिसऱ्या शतकात दशरथ मौर्याने आजीविकांना दिलेली जागा 'कुभा' म्हणजे गुहाच आहे, पण ती वर्षाकालीन वास्तव्यासाठी दिल्याचे लेखात स्पष्ट म्हटले आहे. ओडिशात उदयगिरीवर श्रमणांसाठी कोरविलेल्या वास्तूला आपल्याकडल्यासारखेच 'लेण' म्हटले आहे. तमिळ प्रदेशातील 'पळ्ळि' या शब्दात पहुडण्याचा अर्थ आहे. पुढे तोच मठाला आणि शाळेलाही लागला. तमिळमध्ये अंथरुणाची शाळा झाली, मराठीत आसऱ्याचा दागिना झाला.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील क्रमांक १० चे लेणे या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. ते नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात कोरविले. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे आपण चतुःशाल धर्मशाळा बांधल्याचे तो त्याच लेखात नोंदवितो. चतुःशाल म्हणजे मधली मोकळी जागा व तिच्याभोवती खोल्या. आपल्या चौसोपी वाड्याची पूर्वज म्हणा. लेण्याचा आराखडा त्याहून फारसा निराळा नाही. मधल्या अंगणाचा मंडप झाला, तीन अंगांना खोल्या राहिल्या आणि चौथे अंग ओसरीने उजेडाला दिले. नगरातली धर्मशाळाच जणू डोंगरात लोटली.

फरक होता तो बांधणीच्या क्रियेत. येथे रचायचे काही नाही, फक्त काढायचे. छत आधी सुटे होते, जमीन शेवटी. अजिंठ्याच्या क्रमांक २४ च्या अपूर्ण लेण्यात ही उलटी वाट अजून पाहता येते. खांब उभा करायचा नसतो, तो वगळायचा असतो. चुकीने तोडलेला दगड परत बसत नाही. डोंगराच्या जाडीमुळे आत उन्हाळा उशिरा पोचतो. पाणी मात्र फटींतून झिरपते, म्हणून ते अडवून साठविण्याची सोय हा वास्तूचाच भाग होई. उषवदाताने लेण्याबरोबर 'पोढी' म्हणजे पाण्याची टाकीही खोदविली, हे तो आवर्जून सांगतो.

मग हा पाहुणा कोण? त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखात दान 'चातुदिस' संघाला, म्हणजे चारही दिशांच्या भिक्षूंना दिले आहे. जे या लेण्यात राहणारे असतील त्यांच्यासाठी, असे म्हणताना क्रियापद भविष्यकाळी वापरले आहे: 'भविसंति'. दानपत्रात एरवी घेणाऱ्याचे नाव असते. येथे घेणारा अजून वाटेतच आहे, कदाचित जन्मालाही यायचा आहे. यजमानाला त्याचा चेहरा ठाऊक नाही, तरी त्याच्या वस्त्राचा हिशेब तयार आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले. वर्षाला २४० होतात. पावसाळा तेथे काढणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. आणखी १००० दुसऱ्या श्रेणीकडे, पाऊण टक्क्याने. मुद्दल कधीच परत करायचे नाही, व्याजच भोगायचे, अशी अट लेखात आहे. गुहेची भिंत जितकी टिकाऊ तितकीच ही रक्कम टिकावी, ही अपेक्षा. दोन्ही एकाच दगडावर कोरली आहेत. त्याखेरीज चिखलपद्र नावाच्या गावी (नाव अगदी आजच्या मराठी कानाला ओळखीचे) नारळाची ८००० झाडे.