मोटारगाडीवरील ओरखडा

मोटारगाडीच्या रंगावर ओरखडा उठला म्हणजे मालक गाडीच्या रूपासाठीं हळहळतो. कारागीर मात्र तो किती खोल गेला आहे तें पाहतो. वरवरची रेघ घासून नाहींशी होते. पत्र्यापर्यंत गेलेली रेघ पाण्याला वाट करून देते. तेथें गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापीत असल्यामुळें शेजारच्या धड रंगालाहि तो फुगवून उचलतो.

पहिल्या मोटारी घोडागाड्या रंगविणाऱ्यांच्याच पद्धतीनें रंगविल्या जात. जवसाच्या तेलांतील रंग व त्यावर व्हार्निश, तेंहि ब्रशानें, हातावर हात देऊन. प्रत्येक हात वाळावयाचा, घासावयाचा, मग पुढचा द्यावयाचा. एका गाडीस कित्येक आठवडे लागत. अशा गाडीवर ओरखडा पडला तर तो झांकणें कठीणच. कारण जुनें व्हार्निश पिंवळें पडलेलें असे व नवें ठिगळ दुरून ओळखूं येई. फोर्ड कंपनीनें १९१४ ते १९२५ या काळांत आपली टी मॉडेल गाडी काळ्याच रंगांत विकली, त्याचें कारण भट्टींत भाजलेलें तें रोगण स्वस्त व टिकाऊ होतें. ओरखड्याचा प्रश्न त्यानें सुटला नाहीं.

तो सुटला युद्धाच्या दारूखान्यांतून. धुराशिवाय जळणारी दारू ज्या नायट्रोसेल्यूलोजपासून करीत, त्याचाच रंग पहिल्या महायुद्धानंतर ड्यूपाँट व जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्यांनीं तयार केला. या 'ड्यूको' रंगांत न्हालेली निळी ओकलंड गाडी १९२३ सालीं लोकांपुढें आली. फवाऱ्यानें दिलेला हा रंग कांहीं मिनिटांतच सुके. भारतांतील सुतार व रंगारी झिलईदार फवारारंगास आजहि 'ड्युको' म्हणतात. पण त्याचा मोलाचा गुण निराळाच होता. नव्या हातांतील द्रावण जुन्या थराला किंचित् विरघळवी. दोन्ही थर एकजीव होत, आणि घासून चकाकी आणली कीं सांधा दिसत नसे.

तरी घासण्याचें काम राहिलेंच, व तें जिवावरचें होतें. जुन्या अस्तरांत शिसें असे; कोरडें घासतांना त्याची धूळ श्वासाबरोबर आंत जाई व रंगाऱ्यास विषबाधा होई. फिलाडेल्फियांतील फ्रान्सिस ओकी या छापखान्याची शाई करणाऱ्या गृहस्थानें पाण्यांतहि टिकणारा काचकागद शोधला. थ्री-एम कंपनीनें तो १९२१ सालीं बाजारांत आणला. पाण्यानें धूळ जागच्या जागीं बसूं लागली. या एका कागदानें किती रंगाऱ्यांचे श्वास वांचविले, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाहीं.

हाच कागद घेऊन याच कंपनीचा तरुण नोकर रिचर्ड ड्रू सेंट पॉल शहरांतील गॅरेजांत गेला होता. दुरंगी गाड्यांची तेव्हां चाल होती. रंगाच्या सीमेवर चिकटविलेली पट्टी काढतांना ताजा रंगहि सोलून येई, व मग रंगारी संतापत. ड्रूनें १९२५ सालीं हळुवार सुटणारी पट्टी तयार केली. ओरखड्याभोंवतालचा भाग झांकून तेवढ्यावरच रंग फवारणें तिच्यामुळें सुकर झालें.

पुढें रंगच बदलले. १९८० नंतर बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर पारदर्शक थर येऊं लागला. अस्तरापासून वरच्या चकाकीपर्यंत सगळें मिळून जाडी सुमारें एक दशांश मिलिमीटर. नख अडकत नसेल तर ओरखडा बहुधा वरच्याच थरांत असतो व झिलई देऊन जातो. नख अडकलें तर कडा उतरत्या घासणें, अस्तर, लांबी, पुन्हां घासणें, रंग, असा सारा खटाटोप आला. शिवाय हा नवा थर कठीण होऊन बसतो, ड्यूकोसारखा नव्या हातांत विरघळत नाहीं. म्हणून बोटभर रेघेसाठीं बहुधा सबंध दरवाजावर पारदर्शक थर फवारावा लागतो. त्याला कठीण करणाऱ्या आयसोसायनेट द्रव्यानें दमा जडूं शकतो, त्यामुळें आजचा रंगारी बाहेरची हवा नळीनें घेणारा मुखवटा घालूनच फवारा हातीं धरतो.