सशाचे कुळ

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी येलदरी नावाचे गाव आहे. 1968 साली तेथील धरण पुरे झाले आणि ते नाव दूरवर माहीत झाले. माझ्यापुरते म्हणाल तर ते एका आप्ताचे गाव. त्यांच्या नातीने मागे मला पत्र धाडले. घरच्या पांढऱ्या मादीला काळ्या नरापासून पिल्ले झाली होती. त्यांतले एकही पांढरे नव्हते की काळे नव्हते. सगळी मातकट तपकिरी, थेट माळावरच्या सशासारखी. शेजाऱ्यांनी तत्काळ निकाल दिला, की ह्यांत रानसशाचे रक्त शिरले आहे. आजोबा मोठे न्यायी गृहस्थ. जे रानाचे ते रानात सोडावे, असे त्यांनी ठरविले. हे खरे आहे काय, एवढेच नातीस विचारावयाचे होते, आणि उत्तर रविवारच्या आत हवे होते.

घोटाळ्याचे पहिले मूळ आपल्या भाषेत आहे. ‘ससा’ ह्या एका शब्दात आपण दोन निरनिराळे प्राणी कोंडले आहेत. चंद्रावर ज्याची आकृती पूर्वजांस दिसली, ज्याच्या धावपळीवरून ‘ससेहोलपट’ हा शब्द आला, तो आपल्या माळावरचा ससा. मानेवरील काळ्या डागामुळे शास्त्रज्ञांनी त्यास काळमान्या अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. तो बीळ खणीत नाही. त्याची पिल्ले उघड्यावर, अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊन जन्मतात. पिंजऱ्यातला ससा मूळचा स्पेन व दक्षिण फ्रान्सकडचा. तो बिळात राहणारा, आणि त्याची पिल्ले उघडीनागडी व आंधळी उपजतात. गुणसूत्रे मोजली तर ह्याची 44, रानसशांची 48. ह्या दोहोंचा संकर होत नाही. रानसशाचे रक्त असलेला पाळीव ससा हे न्यायशास्त्रातले शशशृंगच समजावे.

मग तो तपकिरी रंग आला कोठून? ह्याच जातीच्या कोड्याने डार्विनलाही गुंतविले होते. पांढरी व काळी कबुतरे एकत्र करून त्याने पिढ्या वाढविल्या, तेव्हा त्यांत खडकावरच्या रानकबुतराचा निळा रंग पुन्हा उमटला. ही हकीकत 1859 च्या ग्रंथात त्याने नमूद केली आहे. कारण मात्र त्याच्या हाती आले नाही. 1900 साली मेंडेलचे विस्मृत नियम पुन्हा उजेडात आले आणि लवकरच अमेरिकेत कॅसलने ते सशांच्या केसांस व रंगांस लावून पाहिले. त्यांवरून येलदरीचे कोडे सहज सुटते. लाल डोळ्यांच्या सशाचा पांढरेपणा हा रंगच नव्हे, तो पडदा आहे. त्यामागे पूर्वजांचा मूळ तपकिरी रंग अज्ञातवासात असू शकतो. काळ्या बापाकडून पिल्लांस रंग प्रकट करण्याची शक्ती मिळाली, आईकडून झाकलेला तपकिरी मिळाला, आणि तपकिरी हा काळ्याहून प्रबळ. पिल्लांनी परक्याची नव्हे, आईचीच साक्ष दिली होती.

‘रक्त’ ह्या शब्दाविषयीही येथे सांगितले पाहिजे. अर्धे रक्त, पाव रक्त असे आपण सहज बोलतो. आनुवंशिक कण देहभर फिरत असावेत, असे डार्विनचे अनुमान होते. ते पारखण्यासाठी गॉल्टनने रुपेरी करड्या सशांत इतर सशांचे रक्त घातले व पुढील संतती तपासली. 1871 साली त्याने फल प्रसिद्ध केले: संततीत काहीएक भेसळ दिसली नाही. तरीही ती बोली सुटत नाही, आमचीही नाही.

आता राहिली जात. पत्राच्या शेवटी ‘निदान कोणकोणत्या जातींचे मिश्रण ते तरी सांगा’ अशी पुरवणी होती. ह्या बाबतीत नावांनी फार दिशाभूल केली आहे. ‘न्यूझीलंड व्हाइट’ अमेरिकेत घडला. पांढऱ्या अंगाच्या, काळ्या कान-नाकाच्या ‘हिमालयन’ सशास लोक चिनी, पोलिश आणि रशियनही म्हणत, असे डार्विननेच 1868 साली नोंदविले आहे. त्याचा काळेपणाही वंशाइतकाच गारठ्यावर अवलंबून. पिल्लू जन्मतः पांढरे असते आणि शरीराचे जे भाग थंड तेच पुढे काळवंडतात. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीच्या आज्ञेमुळे मठांत ससे माणसाळले, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांत वाचली गेली. 2018 साली संशोधकांनी तिचा माग काढला तेव्हा तशी आज्ञाच सापडली नाही, एका ग्रेगरीच्या लिखाणातील मजकूर दुसऱ्या ग्रेगरीच्या नावावर चढला होता. आपली देवणी गाय गीर, डांगी व स्थानिक जनावरे ह्यांच्या मिश्रणातून झाली, असे मानतात. तेथे निदान गोठ्यांची परंपरा पाठीशी आहे. बाजारातल्या सशाच्या पाठीशी तीही नसते. कान उभे की पडके, केस लांब की आखूड, एवढ्यावरून काही थोड्या गुणांचा उलगडा होतो. आजा-पणज्यांची वंशावळ सांगणारा मनुष्य ज्योतिषी समजावा.

मी शनिवारीच उत्तर टाकले: पिल्ले जन्मली तेव्हा आंधळी व उघडी होती की नाही ते आईला विचार, तशी असतील तर ती रानाची नव्हेत, आणि माळावर सोडल्यास पहिल्याच रात्री कोल्ह्याच्या तोंडी जातील. महिन्याने उलट पत्र आले. पिल्ले घरीच आहेत. आजोबांनी माझे पत्र दोनदा वाचून घेतले, आणि आता आल्यागेल्यास ते मोठ्या अभिमानाने सांगतात, की आमचे ससे न्यूझीलंडचे आहेत.