सूक्ष्मदर्शक : विवर्धन आणि विभेदन

नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूंची मोठी व सुस्पष्ट प्रतिमा दाखविणाऱ्या उपकरणास सूक्ष्मदर्शक म्हणतात. हिवतापाच्या निदानात रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून याच उपकरणाखाली तपासला जातो. तांबडी रक्तपेशी सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर रुंद असते आणि तिच्यात शिरलेला कोवळा परजीवी त्याहूनही बराच लहान असतो. उलट, २५ सेंटिमीटरवरून पाहताना साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे १०० मायक्रोमीटर, अंतरावरचे दोन बिंदूच डोळ्याला जेमतेम वेगळे ओळखता येतात.

वस्तू किती मोठी दिसते, हे ती डोळ्याशी केवढा कोन करते यावर अवलंबून असते. वस्तू जवळ आणली की कोन वाढतो. पण सुमारे २५ सेंटिमीटरपेक्षा जवळचे सहजपणे स्पष्ट दिसत नाही. ही अडचण बहिर्गोल भिंग दूर करते. वस्तू त्याच्या नाभीय अंतराच्या आत असेल, तर तिची सुलटी, मोठी व आभासी प्रतिमा दूरवर दिसते. ५ सेंटिमीटर नाभीय अंतराचे भिंग सुमारे ५ पट विवर्धन देते.

संयुक्त सूक्ष्मदर्शकात हे कार्य दोन टप्प्यांत घडते. वस्तू वस्तुभिंगाच्या नाभीच्या किंचित बाहेर ठेवल्याने नळीत तिची उलटी, मोठी व वास्तव प्रतिमा तयार होते. नेत्रिका ही प्रतिमा साध्या भिंगाप्रमाणे पुन्हा मोठी करून दाखवते. वस्तुभिंग १०० पटींचे व नेत्रिका १० पटींची असल्यास एकूण विवर्धन १,००० पट होते.

तथापि, केवळ विवर्धन पुरेसे नसते. प्रकाशाच्या तरंगस्वरूपामुळे प्रत्येक बिंदूची प्रतिमा थोडी पसरट होते. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखविल्यानुसार, वेगळे दिसू शकणारे किमान अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि भिंग किती रुंद कोनातले किरण गोळा करते यावर ठरते. उत्तम वस्तुभिंगानेही हे अंतर साधारण ०.२ मायक्रोमीटरच्या खाली जात नाही. त्यापुढे नेत्रिका बदलून विवर्धन वाढविले, तर मोठा दिसतो तो केवळ धूसरपणा.

म्हणूनच १०० पटींच्या वस्तुभिंगाखाली तेलाचा थेंब ठेवतात. काचेतून हवेत येणारे तिरके किरण बाहेर वळतात किंवा परत फिरतात. तेलाचा अपवर्तनांक काचेच्या जवळपास असल्याने ते भिंगात पोहोचतात आणि बारकावे उमटतात.

अशाच बारकाव्यांच्या निरीक्षणातून रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डासाच्या जठरभित्तीत हिवतापाचा परजीवी आढळला. आजही परजीवी व्हायव्हॅक्स प्रजातीचा की फाल्सिपॅरमचा, हे त्याच्या आणि बाधित पेशीच्या आकारावरून ओळखले जाते. या दोन्हींची औषधयोजना वेगळी असल्याने, प्रतिमा किती मोठी आहे यापेक्षा ती किती स्पष्ट आहे याला रुग्णाच्या दृष्टीने अधिक महत्त्व असते.