शिकेकाई
शिकेकाई : केस धुण्यासाठी वापरली जाणारी, शिंबावंत कुलातील एका काटेरी आरोही झुडपाची (अकेशिया कॉन्सिना) वाळलेली शेंग. नावातील ‘काई’ द्राविडी असून त्याचा अर्थ कच्चे फळ वा शेंग. शेंगेतील सॅपोनिनामुळे (पहा : रिठा) पाण्याचा पृष्ठताण घटतो, तेल-मळ सुटतो. फेस कमी म्हणून स्वच्छताही कमी, हा आक्षेप टिकत नाही. फेस हे मळ निघाल्याचे माप नव्हे. साबण (पहा : साबण) अल्कधर्मी असतो व कठीण पाण्यातील कॅल्शियमाशी संयोगून केसांवर चिकट साका सोडतो, दख्खनच्या विहिरींवर हा दोष ठळक. शिकेकाईचा काढा किंचित आम्लधर्मी असल्याने केसांचे बाह्य खवले मिटलेले राहतात, गुंता कमी होतो. मात्र भुकटी डोळ्यांना झोंबते आणि नीट न गाळल्यास केसांत अडकते, ही तक्रार रास्तच.