हलकी बंदूक आणि वऱ्हाडचें रान

मलकापूर हें बुलढाण्याचें स्टेशन. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ सालीं पुरा झाला, तेव्हांपासून जिल्ह्याच्या ठाण्यास जाणारे अंमलदार येथें गाडींतून उतरत आणि बैलगाडीवर सामान चढवून दक्षिणेस राजूर घाटाची वाट धरीत. उत्तरेस पूर्णेपलीकडे सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग आणि मध्यें काळ्या जमिनीची कपाशी-जवारीची सपाटी, अशी या मुलखाची ठेवण आहे. शेतांत हरणें व रानडुकरें, डोंगरांत बिबळे व वाघ. शिकारीस यापेक्षां सोयीचा मुलूख शोधून सांपडणें कठीण होतें. बंदूक जड कीं हलकी हा प्रश्न येथें चैनीचा नव्हता. घाट चढतांना तो खांद्यालाच कळे.

शिकारकथांत वाघाची लांबी इंचाइंचानें मोजलेली असते. बंदुकीचें वजन क्वचितच सांगितलेलें असतें. वास्तविक शिकार एकट्यानें करावयाची कीं शंभर माणसें घेऊन, हें पुष्कळ अंशीं त्या वजनानेंच ठरविलें.

आखूड बंदुकीची हौस मात्र नवी नाहीं. घोडेस्वाराला लांब नळी आवरत नाहीं, म्हणून त्याच्यासाठीं आखूड नळीची बंदूक निराळी करीत. युरोपांतील ‘कार्बाइन’ हा शब्द फिरत फिरत मराठींत ‘कडाबीन’ होऊन बसला तो या हत्याराबरोबर. कडाबीन बाळगण्यास सोयीची, पण नेमास कच्ची. लांब नळीच्या बंदुकांची गोष्टही फारशी निराळी नव्हती. नळी आंतून गुळगुळीत आणि बार चकमकीनें उडावयाचा, म्हणून शंभर पावलांपलीकडे भरवसा नसे. मलकापुराच्या नैर्ऋत्येस अजिंठ्याच्या दरींत कॅप्टन जॉन स्मिथ वाघाच्या शोधांत गेला, तो अशाच बंदुकांच्या काळांत. २८ एप्रिल १८१९ या दिवशीं त्याला लेणीं दिसलीं आणि दहाव्या लेण्यांत त्यानें आपलें नांव कोरून ठेविलें. वाघ मिळाला कीं नाहीं, याची आज कोणास पर्वा नाहीं.

पुढें रायफल आली. नळीच्या आंत मळसूत्री आटे पाडले म्हणजे गोळी स्वतःभोंवतीं फिरत जाते आणि फिरत्या भोंवऱ्याप्रमाणें आपला तोल सोडीत नाहीं, ही तिची युक्ति. या विद्येचा मोठा जाणकार मलकापुराच्या उत्तरेकडील निमाड जिल्ह्यांतच अंमलदार होता. कॅप्टन जेम्स फोर्सिथ याचा शिकारी रायफलींवरील ग्रंथ १८६३ सालीं निघाला. आटे उथळ व सावकाश वळणारे ठेवावे, म्हणजे दारू भरपूर घातली तरी गोल गोळी आट्यांवरून घसरत नाहीं, हें त्याचें मुख्य म्हणणें. पण ती गोळी केवढी! एक रत्तल शिशाच्या जितक्या गोळ्या होतील, तो त्या बंदुकीचा अंक मानीत. बारा अंकाची गोळी सुमारें सव्वातीन तोळ्यांची, आठ अंकाची जवळजवळ पांच तोळ्यांची. आणि आठ अंकाची रायफल पंधरा रत्तलांच्या घरांत जाई. एवढें ओझें उन्हाळ्याच्या दिवसांत साहेब स्वतः कशाला वाहील? तें गांवच्या माणसाच्या खांद्यावर येई. भरलेली दुसरी बंदूक घेऊन तो साहेबाच्या मागें उभा राही; रान उठविणारे ढोल बडवीत पुढून येत. जखमी वाघ उलटला तर या मंडळींच्या हातांत काठीच असे. शिकारीच्या पुस्तकांत त्यांचीं नांवें फारशीं सांपडत नाहींत.

१८८४ सालीं फ्रान्समध्यें पोल व्येय यानें बिनधुराची दारू सिद्ध केली आणि सारें गणित पालटलें. थोड्या दारूंत गोळीला पुष्कळ वेग येऊं लागला. गोळी बारीक, नळी बारीक, बंदूक हलकी. १९०३ सालची ऑस्ट्रियन मान्लिखर-शोनावर कार्बाइन या जातीचा नमुना होय. तिची नळी सुमारें अठरा इंच, वजन सात रत्तलांच्या आंतबाहेर आणि गोळी एक तोळ्याहूनही कमी. अर्थात् आखूड नळीचा आवाज कानठळ्या बसविणारा, तोंडाशीं जाळ अधिक आणि हलकी असल्यामुळें खांद्याला धक्काही जबर.

हलकेपणाचें मोल जिम कॉर्बेटइतकें कोणी सांगितलें नाहीं. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ सालीं त्याला रिग्बी कंपनीची ०.२७५ इंची रायफल बक्षीस मिळाली. १९३० सालीं चौगडची वाघीण त्याला ओढ्यांत अवघ्या आठ फुटांवर भेटली, तेव्हां त्याच्या डाव्या हातांत रातवा पक्ष्याचीं अंडीं होतीं आणि उजव्यांत रायफल. एका हातानें, वाघिणीच्या नजरेला नजर देऊन, त्यानें ती इंचाइंचानें वळविली. रायफल जड असती तर हें साधलें नसतें, असें तो स्वतःच लिहितो.

पण प्रत्येक हातांत कॉर्बेट नव्हता. रान उठविण्यास गांव गोळा करावा लागे, तोंवर शिकारीचा बोभाटा तरी होई. हलकी रायफल, मोटार आणि विजेची बत्ती एकत्र आल्यावर रस्त्यावरूनच हरणें पडूं लागलीं आणि कोणाला पत्ताही लागेना.

सरकारला चिंता होती ती निराळीच. १८७८ च्या हत्यार कायद्यानें हिंदी माणसाला परवान्याच्या दारांत उभें केलें. गोऱ्यांना सूट होती. फौजेचें काडतूस लोकांच्या हातीं पडूं नये म्हणून ‘थ्री-नॉट-थ्री’ खाजगी शिकारीला वर्ज्य ठरली. त्यांतून ०.३१५ इंची शिकारी रायफल रूढ झाली. स्वातंत्र्यानंतर ती ईशापूरच्या सरकारी कारखान्यांतही होऊं लागली. १९५९ च्या कायद्यानें पिकांच्या राखणीसाठीं ठासणीच्या बंदुकीचा, आणि संरक्षणासाठीं वा शिकारीसाठीं गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना सुलभ ठेविला. मात्र या दुसऱ्या बंदुकीची नळी वीस इंचांहून आखूड नसावी. शिकाऱ्याला जो आखूडपणा गुण वाटे, तोच कायद्याच्या दृष्टीनें दोष. आखूड हत्यार लपवितां येतें. डुकरांनीं नासलेल्या जवारीच्या धन्याच्या वांट्याला ठासणीची लांब बंदूकच राहिली.

१९७० सालीं वाघाच्या शिकारीस बंदी झाली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा बहुतेक व्यवहारच संपविला. मलकापुराच्या ईशान्येस सातपुड्यांत मेळघाटचें व्याघ्र-राखीव क्षेत्र १९७४ सालीं झालें. दक्षिणेस बुलढाणा व खामगांव यांच्यामधील डोंगरांत ज्ञानगंगा अभयारण्य झालें. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेतें, ओढे व रस्ते ओलांडीत, १३०० किलोमीटरांहून अधिक चाल करून, २०१९ च्या अखेरीस या ज्ञानगंगेंत येऊन पोंचला. माणसांच्या वस्तीजवळून तो बहुधा रात्रींच जाई. त्याच्या गळ्यांत रेडिओचा पट्टा होता, म्हणून ही वाट लोकांना कळली.