मार्गदर्शनातून घडलेले नेतृत्व : आगरकर, गोखले आणि वऱ्हाडातील दोन प्रसंग

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा इतिहास बहुधा पुणे-मुंबई यांच्या संदर्भात लिहिला जातो. वऱ्हाडचा उल्लेख त्यात कापसाच्या व्यापाराच्या निमित्ताने येतो, शिक्षकांच्या निमित्ताने क्वचितच. तथापि गोपाळ गणेश आगरकर आणि गोपाळ कृष्ण गोखले या दोन शिक्षकांच्या जीवनातील निर्णायक प्रसंग अनुक्रमे अकोला व अमरावती येथे घडले. एका ठिकाणी परिस्थितीने गांजलेल्या विद्यार्थ्याला उभारी मिळाली. दुसऱ्या ठिकाणी नावारूपास आलेल्या प्राध्यापकाची प्रतिष्ठा पणास लागली. या दोघांना ज्येष्ठांकडून लाभलेल्या मार्गदर्शनाचे स्वरूप काय होते, याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

अकोल्याचे मुख्याध्यापक

आगरकरांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळील टेंभू येथे झाला. घरच्या दारिद्र्यामुळे शिक्षण खंडित झाले, कचेरीत उमेदवारी करावी लागली, दवाखान्यात कंपाउंडरचे कामही करावे लागले. अखेर नातलगांच्या आश्रयाने ते अकोल्यास आले आणि तेथूनच १८७५ मध्ये मॅट्रिक झाले. अकोल्याच्या शाळेचे मुख्याध्यापक विष्णु मोरेश्वर महाजनी हे होते. त्यांनी एकदा या विद्यार्थ्याला, तुमच्या हातून काय होणार, अशा अर्थाचे बोल सुनावले आणि त्याने आपणही गुरुजींप्रमाणे एम.ए. होऊ असे बाणेदारपणे उत्तर दिले, अशी आख्यायिका चरित्रांतून येते. आख्यायिकेचा शब्दन् शब्द खरा मानण्याचे कारण नाही. परंतु महाजनींचा जन्म १८५१ चा, म्हणजे गुरू शिष्याहून अवघ्या पाच वर्षांनी मोठा होता, हे ध्यानात घेतले की तिचे मर्म उलगडते. ‘एम.ए.’ ही पदवी आगरकरांना दूरच्या विद्यापीठात नव्हे, वर्गातील खुर्चीवर बसलेली दिसत होती. १८८१ मध्ये ते स्वतः एम.ए. झाले.

या संबंधाची दुसरी खूण वाङ्मयात सापडते. महाजनींनी शेक्सपिअरची नाटके मराठीत आणली. ‘तारा’ (१८७९) आणि ‘मोहविलसित’ (१८८१) ही त्यांतील प्रमुख होत. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चे भाषांतर केले व त्यास ‘विकारविलसित’ हे नाव दिले. तथापि शिष्याने गुरूचा कित्ता सर्वस्वी गिरविला नाही. महाजनी सरकारी शिक्षणखात्यात राहिले. आगरकरांनी सरकारी नोकरीकडे पाठ फिरवून तुटपुंज्या वेतनावर न्यू इंग्लिश स्कूल पत्करले. १८९२ पासून १८९५ मधील मृत्यूपर्यंत ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

आगरकर ते गोखले

१८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू करताना आगरकरांनी इंग्रजी बाजू गोखल्यांकडे सोपविली. गोखले त्या वेळी बावीस वर्षांचे होते. दुसरीकडे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे त्यांच्याकडून सार्वजनिक सभेच्या कामासाठी अर्ज-निवेदनांचे मसुदे तयार करून घेत. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेचे मुख्याध्यापक. नोकरीमुळे त्यांना राजकीय विषयांवर उघडपणे लिहिता येत नसे. अर्थकारणाच्या आकडेवारीचा त्यांचा व्यासंग मात्र असाधारण होता आणि तो त्यांनी गोखल्यांच्या हवाली केला. या दोघांनी करून घेतलेल्या तयारीच्या बळावर एप्रिल १८९७ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, गोखल्यांनी लंडन येथे वेल्बी आयोगापुढे साक्ष दिली. ती साक्ष गाजली.

अमरावती, डिसेंबर १८९७

यशाचा हा आनंद फार काळ टिकला नाही. पुण्यातील प्लेगबंदोबस्तात गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे गोखल्यांकडे इंग्लंडमध्ये आली. त्यांवर विसंबून त्यांनी तेथील वृत्तपत्रात जाहीर आरोप केले. परतल्यावर पुरावा उभा राहीना. माहिती देणाऱ्यांची नावे उघड करणे त्यांना मान्य नव्हते. म्हणून ऑगस्टमध्ये त्यांनी बिनशर्त माफी प्रसिद्ध केली. पुढील महिन्यात राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. लोकांच्या मनात तुलना उभी राहिली आणि ती गोखल्यांना अत्यंत प्रतिकूल होती.

त्याच वर्षअखेरीस काँग्रेसचे तेरावे अधिवेशन अमरावतीस भरले. अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी तुरुंगातील टिळकांविषयी काढलेल्या उद्गारांनी मंडप हेलावला. पुण्याच्या १८९५ च्या अधिवेशनाचे एक चिटणीस राहिलेल्या गोखल्यांविषयीची नाराजी मात्र तेथे लपून राहिली नाही. माफी मागणे हा भित्रेपणा होता, असे अनेकांचे मत होते. वस्तुतः नावे लपवून दोष स्वतःकडे घेणे हे सोपे नव्हते. समकालीनांनी या बाजूचा पुरेसा विचार केला नाही, असेच म्हणावे लागते.

त्याच दिवसांत रानडेही अमरावतीस होते. सामाजिक परिषदेतील त्यांचे पुनरुज्जीवन की सुधारणा या प्रश्नावरील प्रसिद्ध भाषण तेथेच झाले. माफीनंतरही रानडे व जोशी या दोघांनी गोखल्यांना अंतर दिले नाही. या आधाराचे वैशिष्ट्य असे की त्याची मुळे सांत्वनात नव्हती. दहा वर्षांच्या मसुद्यांतून, आकड्यांच्या पडताळणीतून जी शिस्त अंगी बाणली होती ती एका माफीने नाहीशी होणारी नव्हती. किंबहुना माफीला कारण झालेली चूक हीच त्या शिस्तीला सोडून, पडताळणीवाचून बोलण्याची होती. गोखल्यांनी वृत्तपत्री वाद टाळला, प्लेगनिवारणाच्या कामात स्वयंसेवकांबरोबर स्वतःला झोकून दिले आणि फर्ग्युसनमधील अध्यापन चालू ठेवले.

१८९९ मध्ये ते मुंबई विधिमंडळावर निवडून आले. जानेवारी १९०१ मध्ये रानडे निवर्तले. पुढील वर्षी, २६ मार्च १९०२ रोजी, गोखल्यांनी केंद्रीय विधिमंडळात अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. सरकारच्या शिलकी अंदाजपत्रकाचे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी केलेले ते परीक्षण होते. वेल्बी आयोगाच्या वेळी जोशींनी शिकविलेली पद्धत हीच. १९०५ मध्ये बनारस येथे ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. अमरावतीच्या त्या अधिवेशनाला तेव्हा आठ वर्षे झाली होती.