फाटक, तिकीट आणि हयगय : लोहमार्ग ओलांडताना झालेल्या मृत्यूंच्या जबाबदारीचा इतिहास

लोहमार्ग आणि सार्वजनिक रस्ता जेथे एकाच पातळीवर परस्परांस छेदतात, तेथे दोन हक्क समोरासमोर येतात. ठरलेल्या वेळी न थांबता धावण्याचा आगगाडीचा हक्क हा एक. आणि वहिवाटीच्या रस्त्याने जाण्याचा लोकांचा हक्क हा दुसरा. अशा ठिकाणी मनुष्य दगावला तर त्याच्या कुटुंबास भरपाई कोणी द्यावी, या प्रश्नाचे उत्तर भारतात दीडशेहून अधिक वर्षे टप्प्याटप्प्याने घडत आले आहे. त्या घडणीचा मागोवा घेतला असता असे आढळते की, रेल्वेची जबाबदारी ठरविताना न्यायालये प्रथम धोक्यापेक्षा फाटकाकडे पाहत राहिली, आणि कायदेमंडळाने पुढे तिकीट हा निकष धरला. ज्याच्यापाशी या दोहोंपैकी एकही नव्हते, त्याचे वारस जुन्याच न्यायतत्त्वाच्या आधारावर राहिले.

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. मनुष्य मेला की त्याचा दाव्याचा हक्कही त्याच्याबरोबर संपतो, हे इंग्रजी न्यायतत्त्व. जखमी मनुष्य भरपाई मागू शके; मृताच्या विधवेस ती मागता येत नसे. इंग्लंडात एक मध्ययुगीन रूढी मात्र टिकून होती : ज्या वस्तूमुळे मृत्यू घडला तिचे मूल्य राजाकडे जमा होई. १८४१ च्या अखेरीस सॉनिंग येथे झालेल्या अपघातानंतर पंचांनी इंजिन व डबे यांवर हजार पौंडांची अशी आकारणी केली. १८४६ साली ही रूढी रद्द झाली आणि त्याच वर्षी लॉर्ड कॅम्बेल यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा संमत होऊन दंडाऐवजी वारसांना भरपाई मिळू लागली. त्याचाच भारतीय अवतार म्हणजे १८५५ चा प्राणघातक अपघात अधिनियम. पहिली गाडी धावल्यानंतर अवघ्या दोन वर्षांत तो आला.

या कायद्याने पती, पत्नी, आईबाप व अपत्ये यांच्या हितासाठी दाव्याचा मार्ग उघडला. परंतु प्रतिवादीची हयगय सिद्ध करण्याचा भार वादीवरच ठेवला. शिवाय १९०८ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे दाव्यास मृत्यूपासून एकच वर्ष मिळे; १९६३ च्या कायद्याने ही मुदत दोन वर्षांची केली. घरातील कर्ता गेलेल्या कुटुंबाला एवढ्या अवधीत साक्षीदार शोधून, वकील गाठून रेल्वेविरुद्ध उभे राहावे लागे.

हयगय सिद्ध करण्यास सर्वांत सुलभ पुरावा म्हणजे उघडे राहिलेले फाटक. १८७४ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने वॉन्लेस प्रकरणात असे ठरविले की, जे फाटक बंद असावयास हवे ते उघडे असेल तर वाट निर्धोक आहे अशी ती पादचाऱ्यास दिलेली सूचनाच होय. भारतात १८९० च्या रेल्वे अधिनियमाच्या तेराव्या कलमाने कुंपणे व फाटके उभारण्यास आणि ती उघडण्या-मिटण्यासाठी माणसे नेमण्यास रेल्वे प्रशासनाला भाग पाडण्याचा अधिकार सरकारला दिला. भारतीय उच्च न्यायालयांनीही हीच विचारसरणी स्वीकारली. आसाम उच्च न्यायालयाचा १९६३ चा स्वर्णलता बरुआ खटला या संदर्भात वारंवार उल्लेखिला जातो.

परंतु या विचारसरणीत एक गंभीर उणीव होती. फाटक उघडे राहिले तर रेल्वे दोषी. मग मुळात फाटकच नसेल तर? सरकारने तेराव्या कलमाखाली आदेश दिला नाही, म्हणून फाटक बसविण्याचे कर्तव्यच उत्पन्न झाले नाही, असा बचाव रेल्वेला घेता येई. म्हणजे ज्या ठिकाणी संरक्षण सर्वांत कमी, त्याच ठिकाणी जबाबदारीही सर्वांत कमी, असा विपरीत परिणाम होऊ पाहत होता.

या बचावाची परीक्षा केरळातील एका अपघातामुळे झाली. ९ मे १९७९ रोजी अकपरंबू येथील बिनपहाऱ्याच्या फाटकावर भाड्याने घेतलेल्या एका वाहनास एक्सप्रेस गाडीची धडक बसून सुमारे चाळीस जण मरण पावले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले व १९९७ साली न्यायमूर्ती एम. जगन्नाथ राव यांनी निकालपत्र लिहिले. त्यातून तीन गोष्टी निश्चित झाल्या. एक, सरकारी आदेश असो वा नसो, रहदारीच्या मानाने योग्य ती दक्षता घेण्याचे कर्तव्य रेल्वेवर आहेच. दोन, चालकाची हयगय निरपराध प्रवाशांच्या माथी मारता येत नाही. तीन, अशा अपघातात रेल्वेविरुद्धची मागणीही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालू शकते. न्यायालयाची दृष्टी फाटकावरून धोक्याकडे वळली, हे या निकालाचे खरे महत्त्व होय.

महाराष्ट्राच्या दृष्टीने यांतील दुसऱ्या तत्त्वाचे मोल ३ फेब्रुवारी २००५ रोजी प्रत्ययास आले. त्या दिवशी नागपूर जिल्ह्यात कन्हाननजीक बिनपहाऱ्याच्या फाटकावर लग्नाचे वऱ्हाड नेणाऱ्या ट्रॅक्टरला गाडीची धडक बसून पन्नासाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा फाटकापाशी वाहन थांबवून, सोबत्याने वा स्वतः चालकाने पायी पुढे जाऊन गाडी येत नाही याची खात्री करावी, असे १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे १३१ वे कलम सांगते. हे कर्तव्य चालकाचे आहे. ट्रॉलीत बसलेल्या वऱ्हाड्यांचे नव्हे. जुन्या मताप्रमाणे चालकाचा दोष त्यांनाही बाधला असता.

दरम्यान कायदेमंडळाने वेगळी वाट धरली होती. १९४३ साली रेल्वे अधिनियमात ८२-अ हे कलम घालण्यात येऊन, गाडीला अपघात झाल्यास हयगय सिद्ध न करताही प्रवाशास दहा हजार रुपयांपर्यंत भरपाईची सोय झाली. १९८९ च्या अधिनियमाने ही सोय पुढे चालविली. १९९४ साली १२४-अ हे कलम येऊन गाडीतून अपघाताने पडणाऱ्या प्रवाशाचाही तीत समावेश झाला. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूबद्दलची रक्कम आठ लाख रुपये झाली. ही सुधारणा निःसंशय उदार आहे. पण तिचे दार तिकिटाने उघडते.

हा भेद व्यवहारात किती तीव्र ठरतो हे उत्तनसारख्या गावाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील या मच्छीमार गावातून लोहमार्ग जात नाही. मुंबईची गाडी धरण्यास भाईंदर स्थानक गाठावे लागते. तेथून जाणारा मार्ग १८६४ साली बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया कंपनीने ग्रँट रोडपर्यंत आणला. १९४२ साली त्याचा कारभार सरकारकडे आला आणि १९५१ पासून तो पश्चिम रेल्वेचा भाग झाला. प्रतिवादी बदलला, न्यायतत्त्व बदलले नाही. मासळी घेऊन निघालेली उत्तनची कोळीण तिकीट काढून बसलेल्या गाडीतून पडून मृत्यू पावली, तर तिच्या वारसांना दोष सिद्ध करावा लागत नाही. तीच स्त्री तिकीट जवळ असतानाही रूळ ओलांडताना सापडली, तर १४७ व्या कलमाप्रमाणे ती अतिक्रमण करणारी ठरते. आणि सार्वजनिक फाटकातून ती पायी जात असेल, तर ती प्रवासीही नाही व अतिक्रमकही नाही. मोटारीचा संबंध नसल्याने न्यायाधिकरणाचे दारही तिच्या वारसांना बंद; त्यांनी दिवाणी न्यायालयात १८५५ च्या कायद्याप्रमाणे हयगय सिद्ध करावी, एवढाच मार्ग राहतो. पादचाऱ्याची बाजू अशी सर्वांत दुबळी आहे.

अनिल काकोडकर समितीने २०१२ साली रूळ ओलांडताना दरसाल सुमारे पंधरा हजार मृत्यू होतात, व त्यांपैकी सुमारे सहा हजार मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, असे नमूद करून पाच वर्षांत सर्व फाटके काढून टाकण्याची शिफारस केली. ब्रॉडगेज मार्गांवरील बिनपहाऱ्याची फाटके जानेवारी २०१९ अखेर संपुष्टात आली. तथापि ८ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूतील कडलूरनजीक पहाऱ्याच्या फाटकावर शाळेच्या गाडीस धडक बसून तीन विद्यार्थी दगावले व फाटकवाल्यास अटक झाली. फाटक उघडे होते काय, हा १८७४ चाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

सारांश, अभियांत्रिकीने बिनपहाऱ्याचे फाटक नाहीसे केले. पण कायद्यातील बिनपहाऱ्याची जागा अद्याप तशीच आहे. १९९७ च्या निकालाने धोका निर्माण करणारावर दक्षतेचा भार टाकला, तरी ती दक्षता घेतली गेली नाही हे सिद्ध करण्याचा भार मृताच्या कुटुंबावरच राहिला. गाडीतील माणसाच्या बाबतीत १९४३ सालीच जो भार उतरविण्यात आला, तो रस्त्यावरील माणसाच्या बाबतीत का उतरू नये, याचे समाधानकारक कारण या इतिहासात सापडत नाही.